हवापालट : धाम नदीच्या काठचा

प्रकृती खालावली की ‘जरा हवापालट करून या’ असे सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पश्चिम महाराष्ट्रातील माणूस पाचगणी गाठतो, मुंबईकर माथेरानला जातो आणि आम्ही विदर्भातील मंडळी चिखलदऱ्याचे नाव काढतो. समुद्राविषयी तर आपल्या मनात विशेष श्रद्धा असते. खारा वारा, मोकळे आकाश आणि पायाखाली ओली वाळू मिळाली की निम्मे दुखणे पळते, असे वडीलधारे सांगत. गांधीजींवर १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विश्रांतीसाठी ते जुहूच्या समुद्रकाठी येऊन राहिले. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधील कैदेतून सुटल्यावरही त्यांना पुन्हा जुहूलाच नेण्यात आले.

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्वेचा असो की पश्चिमेचा, तो शेकडो मैल दूर. इथे काळी जमीन, कापूस आणि तूर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणारा. हवापालटासाठी या जिल्ह्याची शिफारस कोणी डॉक्टर करील असे वाटत नाही. तरीही मराठीतील एका थोर लेखकाचा हवापालट याच जिल्ह्यात झाला, आणि तोही राहत्या ठिकाणापासून जेमतेम पाच-सहा मैलांवर. घरात कोणी दीर्घ आजारातून उठत असेल, किंवा अशा माणसाची शुश्रूषा आपल्याकडे असेल, तर ही हकीकत आपण सावकाश वाचावी आणि जमल्यास ते ठिकाण एकदा पाहून यावे.

हा लेखक म्हणजे विनोबा भावे. त्यांना संत, आचार्य, भूदानाचे प्रवर्तक म्हणून आपण ओळखतो. पण मला ते प्रथम लेखक वाटतात. ‘गीताई’ घराघरांत पाठ झाली, ‘गीता-प्रवचने’ साने गुरुजींनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली उतरवून घेतली आणि ती पुढे किती भाषांत गेली याची गणती सोपी नाही. जन्माने ते समुद्राच्या जिल्ह्यातले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी त्यांचा जन्म झाला. १९२१ च्या एप्रिलमध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना वर्ध्याला आश्रम चालविण्यासाठी पाठविले, आणि तेव्हापासून वर्धा हेच त्यांचे घर झाले.

१९३२ च्या अखेरीस तुरुंगातून सुटल्यावर ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहू लागले. तिथे त्यांनी स्वतःवर एक कठोर प्रयोग केला. दिवसभर सूत कातायचे आणि त्या मजुरीत जेवढे बसेल तेवढेच खायचे. कातणाऱ्या गरीब बाईचे पोट कसे भरते, हे त्यांना स्वतःच्या देहावर पाहायचे होते. प्रयोगामागची भावना थोर होती, पण देहाला भावना कळत नाही. १९३८ च्या सुरुवातीस विनोबांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारे ४० किलोंवर आले. वय अवघे बेचाळीस.

ही वार्ता सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, गांधीजींच्या कानी गेली. त्यांनी विनोबांना बोलावून घेतले. पुढचा संवाद विनोबांनी नंतर स्वतःच सांगितला आहे. रुग्णाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकण्यासारखा आहे. गांधीजी म्हणाले, माझ्याजवळ येऊन राहा, मी तुमची शुश्रूषा करीन. विनोबांनी साफ नकार दिला. आपल्यामागे कामांची रांग लागलेली, शुश्रूषा हे त्यांतले एक काम, आणि आपले रुग्णही अनेक; मग माझ्या वाट्याला आपण किती येणार, असा त्यांचा हिशेब होता. गांधीजी हसले. मग डॉक्टरकडे जा, असे सुचविले गेले. तेही विनोबांना मान्य नव्हते. (आपण मात्र या बाबतीत विनोबांचे अनुकरण करू नये.) शेवटी हवापालटाचा विषय निघाला. थंड हवेच्या, दूरदूरच्या नामांकित ठिकाणांची नावे पुढे आली. विनोबा म्हणाले, पवनारला जातो. तिथे जमनालालजींचा बंगला रिकामाच आहे. गांधीजींना ते पटले. गरिबाला कुठे नैनिताल परवडते! पण त्यांनी एक अट घातली. कामाच्या सगळ्या चिंता इथेच टाकून जायचे.

मला या अटीचे मोल मोठे वाटते. समुद्रकाठी जाऊनही दिवसभर फोनवर दुकानाचा हिशेब विचारणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांचा हवापालट झाला असे म्हणवत नाही. विनोबा मार्च १९३८ मध्ये मोटारीने पवनारला निघाले. गाव ओलांडून गाडी धाम नदीच्या पुलावर आली, तेव्हा त्यांनी ‘संन्यस्तं मया’ असे तीनदा उच्चारले. आश्रम, नालवाडीचे काम, माणसे, सारे मी सोडले असा त्याचा अर्थ. पुलापलीकडच्या टेकाडावर तो लाल बंगला होता. तिथे ते राहिले.

आणि तिथे ते काय करीत होते? अंथरुणावर पडून नव्हते. बंगल्याभोवतीच्या शेतात त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी खणले ते पाच मिनिटे. मग हळूहळू वेळ वाढविला. खणताना मध्येच काही क्षण थांबायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन घाव घालायचे. काही महिन्यांत हे खोदकाम दिवसाला दोन तासांपर्यंत गेले आणि वजन वाढत वाढत १२८ पौंडांवर, म्हणजे ५८ किलोंवर पोहोचले. औषधाची बाटली नाही, टॉनिक नाही. नदीकाठची हवा, मोजके अन्न, रिकामे मन आणि पाच मिनिटांपासून सुरू झालेले श्रम.

वाचकहो, पाच मिनिटे ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. उतारवयात माणूस आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळला की मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात. तरुणाचे स्नायू लवकर भरून येतात. सत्तरीनंतर त्याला कित्येक पट वेळ लागतो. मग घरातले दोन टोकांची घाई करतात. काही जण ‘पूर्वी सहज मैलभर चालायचात, चला आता’ म्हणून ओढतात. काही जण ‘पडाल, बसून राहा’ म्हणून खुर्चीला बांधून ठेवतात. पहिल्याने रुग्ण खचतो, दुसऱ्याने स्नायू. विनोबांनी शोधलेली वाट या दोहोंच्या मधून जाते. आज पाच मिनिटे, अंगाने साथ दिली तर दोन-चार दिवसांनी सात. आपले वय सत्तरीच्या पुढे असेल तर कुदळ अर्थातच नको. ते त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते. आपल्यासाठी ओसरीतल्या चार फेऱ्या, आधाराने खुर्चीतून उठणे-बसणे, तुळशीला पाणी घालणे हीच कुदळ. छातीत दुखले, दम लागून बोलवेना किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना विचारायचे. खाण्यात पुरेशी प्रथिने, म्हणजे डाळ, दूध, दही, चालत असल्यास अंडे, हेही हवेच. नुसत्या व्यायामाने स्नायू भरत नाहीत. नालवाडीत विनोबांच्या देहाने हे दाखवूनच दिले होते.

खणताना त्या शेतात आणखी एक गोष्ट हाती लागली. पवनार हे फार जुने गाव; वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे थोर इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचे मत होते. जमिनीच्या पोटात मूर्ती आणि शिल्पे होती. विनोबांना त्यांत राम आणि भरत यांच्या भेटीचे शिल्प सापडले. सहा वर्षांपूर्वी धुळ्याच्या प्रवचनांत या भेटीचे चित्र कोणी तरी काढावे अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. तेच दृश्य कुदळीपुढे आल्यावर त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी. ते शिल्प आजही आश्रमात आहे.

आता तिथे कसे जायचे ते सांगते. नागपूरहून वर्ध्याकडे येताना, वर्धा साताठ किलोमीटर उरले असता पवनार लागते. नागपूरपासून अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने येणाऱ्यांनी वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकावर उतरावे. तिथून रिक्षा मिळते. मे महिन्यात चुकूनही जाऊ नये. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतचा काळ उत्तम. सकाळच्या वेळी नदीवर धुके असते, म्हणून दम्याच्या रुग्णांनी ऊन वर आल्यावरच निघावे. कानटोपी घ्यावीच, विदर्भातली थंडी कोरडी असली तरी पहाटे बोचते.

पुलावरून डावी-उजवीकडे पाहिले की धामेचे पात्र दिसते. काळे खडक, खडकांतून वाहणारे पाणी आणि पात्रात उभी असलेली छत्री. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित झाल्या. दरवर्षी त्या तारखेला इथे मेळा भरतो, आणि फुलांऐवजी स्वतः कातलेल्या सुताची गुंडी वाहण्याची प्रथा आहे. गर्दीचा त्रास होणाऱ्या ज्येष्ठांनी तो दिवस टाळून जावे. टेकाडावर आश्रम आणि खाली नदी, अशी रचना असल्याने चढ-उतार थोडा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या कठड्याजवळ बसूनही नदी छान दिसते. खाली उतरण्याचा हट्ट धरू नये.

गेल्या जानेवारीत मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते. वय एक्याऐंशी. त्याआधी दोन महिने न्यूमोनियाने त्यांना बारा दिवस रुग्णालयात काढावे लागले होते. घरी आल्यावर ताप नव्हता, खोकला नव्हता, पण त्या पलंगावरून उठायला तयार नव्हत्या. फिजिओथेरपिस्ट येत, तेव्हा त्या डोळे मिटून घेत. ‘आता काय उरलंय माझं,’ एवढेच वाक्य दिवसातून चारदा. आपल्यापैकी ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा केली आहे, त्यांना हे वाक्य किती जड असते ते सांगायला नको. औषधाची वेळ पाळता येते, डबा करता येतो, अंग पुसता येते. या वाक्याला मात्र उत्तर सापडत नाही.

पवनारला जायचे त्यांनीच सुचविले. शाळेत असताना त्यांनी विनोबांना दुरून पाहिले होते म्हणे. आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो. आश्रमात थोडे बसून झाल्यावर नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी त्या थांबल्या. मी म्हटले, ‘आई, नको, इथूनच पाहू.’ त्यांनी माझा हात धरला आणि मोजून सात पायऱ्या उतरल्या. मग तिथेच बसल्या. बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाकीच्या पुढच्या खेपेला गं. आज एवढ्याच.’ पुढच्या खेपेला हे शब्द दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून प्रथमच निघाले होते. परतताना त्या सात पायऱ्या चढायला आम्हाला दहा मिनिटे लागली. मार्चपर्यंत त्या स्वतः उठून देवपूजा करू लागल्या. यात नदीचे श्रेय किती, फिजिओथेरपिस्टचे किती आणि काळाचे किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

विनोबा पवनारला कसे जगत, हेही पाहण्यासारखे आहे, कारण लेखक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मेज, दिवा आणि चहाचे कप येतात. इथे तसे काही नव्हते. पहाटे उठणे, प्रार्थना, कातणे, शेतात राबणे, अध्ययन, आणि अंधार पडल्यावर लवकर झोपणे. लेखन या सगळ्यातून उरलेल्या वेळात होई. किंबहुना ते या सगळ्यातूनच येई. आईने एकदा, मला संस्कृत गीता कळत नाही, मराठीत आण, असे म्हटले होते. आई १९१८ मध्ये गेली. मुलाने ते काम ७ ऑक्टोबर १९३० ला वर्ध्यात हाती घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला, अवघ्या चार महिन्यांत, पुरे केले. मनात बारा वर्षे मुरलेले होते म्हणूनच ते चार महिन्यांत उतरले, असे माझे मत.

लेखनाविषयी त्यांची वृत्ती फार वेगळी होती. तरुणपणी ते कविता करीत, तासन्‌तास खपून त्या मनासारख्या करीत, आणि एकदा मनासारखी झाली की अग्नीत टाकीत. काशीला असताना तर गंगेच्या काठी बसून लिहावे आणि पूर्ण झाली की गंगेलाच द्यावी, असा क्रम होता. आपण जुनी पत्रे, पावत्या, साड्या, डबे, सारे जपून ठेवणारी माणसे. घर आवरायला निघालेल्या ज्येष्ठांना मी ही गोष्ट नेहमी सांगते. त्यावर आमच्या शेजारच्या काकांचा अभिप्राय असा, की विनोबांना पेन्शनच्या कचेरीत कागद दाखवावे लागत नसत! तेही खरेच.

१९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला. १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली या गावी त्यांना भूमिहीनांसाठी पहिले भूदान मिळाले, आणि पुढची तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. निघाले तेव्हा वय पंचावन्न, पोटात अल्सर. दही, दूध, मध असा मोजका आहार थोडाथोडा करून घेत त्यांनी ती यात्रा केली. ८८ पौंडांचा तो माणूस पवनारला पाच मिनिटांपासून सुरू झाला नसता, तर त्या पायांनी एवढी वाट तुडविली असती का, असे मला राहून राहून वाटते.

यात्रा चालू असतानाच, २५ मार्च १९५९ रोजी, पवनारच्या आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. स्त्रियांनी एकत्र राहून साधना करावी, श्रम करावेत, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यावेत, अशी त्यामागची योजना. देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतून मुली आल्या आणि इथेच राहिल्या. शेती, स्वयंपाक, सफाई, सूत, छपाई ही कामे त्यांनी आपसांत वाटून घेतली. त्यांतल्या अनेक जणी इथेच म्हाताऱ्या झाल्या. आपण गेलात तर पाहा : पांढऱ्या सुती वस्त्रांतली एखादी वयोवृद्ध भगिनी भाजी निवडत बसलेली दिसेल. वय झाले म्हणून तिला कोणी खुर्चीत बसवून ठेवलेले नाही. पहाटे ईशावास्य, सकाळी विष्णुसहस्रनाम, सायंकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे असा प्रार्थनेचा क्रम आहे. श्रद्धा नसली तरी आपण सायंप्रार्थनेला शांतपणे बसू शकता. एका सुरातले ते संथ म्हणणे ऐकताना आपला श्वासही आपोआप लांबतो. उच्च रक्तदाबाच्या माणसाला ही विश्रांती उपकारक वाटेल.

विनोबांनी नाकारलेली गांधीजींची शुश्रूषा प्रत्यक्षात कशी असे, हे पाहायचे असेल तर त्याच दिवशी सेवाग्रामला जावे. वर्ध्यापासून ते आठेक किलोमीटर. मातीची बापू कुटी बहुतेकांना ठाऊक असते. तिच्याजवळची परचुरे कुटी मात्र लोक घाईने ओलांडून जातात. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी त्यांचा परिचय झालेला. १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले तेव्हा कुष्ठरोगाने जर्जर झाले होते, आणि त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. आश्रमातल्या लोकांच्या मनातही भीती होती. गांधीजींनी त्यांच्यासाठी कुटी बांधवून घेतली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. देशाचे राजकारण, पत्रांचा ढीग, ‘हरिजन’साठीचे लेखन, आणि त्यातून रोज काढलेला तो वेळ. विनोबांचा हिशेब चुकला असे मी म्हणणार नाही. शुश्रूषा करणाऱ्याची शक्ती खरोखरच मर्यादित असते, आणि ती गांधीजींचीही होती. आपण एकट्याने सगळे करू पाहत असाल, तर दुपारचे दोन तास तरी नणंदेला, भावाला, शेजारणीला मागून घ्या. मागण्यात कमीपणा नाही.

सेवाग्रामहून परतताना वाटेत वेळ असला तर गोपुरीचे गीताई मंदिर पाहावे. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर गीताईचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. जमीन सपाट असल्याने काठी घेऊन चालणाऱ्यांना, चाकाच्या खुर्चीतल्यांनाही त्रास होत नाही. चष्मा मात्र विसरू नये.

पवनारच्या विनोबांचे उत्तरायुष्य मला पूर्वायुष्याइतकेच शिकविणारे वाटते. १९६६ पासून त्यांनी बाहेरची कामे एकेक करून कमी केली. १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन पवनार न सोडण्याचे ठरविले. मग हा सारा देश पायाखाली घातलेला माणूस आश्रमाच्या अंगणात वाकून काडीकचरा वेचू लागला. रोज, कितीतरी वेळ. उचललेली प्रत्येक काडी म्हणजे जपमाळेतला एक मणी, अशी त्यांची भावना होती. ऐकू कमी येऊ लागले, तेव्हा भेटायला येणारे आपला प्रश्न कागदावर लिहून देत आणि ते वाचून उत्तर देत. घरात ज्येष्ठांना कमी ऐकू येत असेल तर कानाशी ओरडून बोलण्यापेक्षा ही चिठ्ठीची पद्धत वापरून पाहा. आमच्याकडे एक पाटी आणि खडू ठेवला आहे. ओरडण्याने दोघांच्याही मनावर जो ओरखडा उठतो, तो त्यामुळे टळतो. श्रवणयंत्राचा पर्याय कानाच्या डॉक्टरांना विचारावाच. पाटी ही त्याच्या जोडीला.

शेवटाविषयी लिहावे की नाही, असा विचार मी केला. पण या पाक्षिकाचे वाचक या विषयापासून तोंड फिरविणारे नाहीत. ५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार झाले, आणि प्रकृती सुधारेल असे वाटत असतानाच ८ तारखेपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन गेल्या. पुष्कळांनी विनंत्या केल्या. त्यांनी मानले नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, सकाळी त्यांचा देह पडला. धामेच्या काठीच अंत्यसंस्कार झाले. वय सत्त्याऐंशी.

या निर्णयावर तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. मी त्याचे समर्थन करीत नाही, आणि कोणी त्याचे अनुकरण करावे असे मुळीच सुचवीत नाही. अन्नपाणी सोडण्याचे बोलणे घरातल्या वृद्धाच्या तोंडून वारंवार येत असेल, तर त्यामागे पुष्कळदा औदासीन्याचा आजार असतो आणि तो उपचारांनी बरा होतो. अशा वेळी डॉक्टरांना सांगण्यात दिरंगाई नको. परंतु एक गोष्ट मात्र खरी. विनोबांच्या भोवतीच्या माणसांना त्यांची इच्छा काय आहे, हे स्पष्ट ठाऊक होते. आपल्यापैकी किती घरांत हे ठाऊक असते? अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी असलेली तीन भावंडे, तिघांची तीन मते, आणि आत बोलू न शकणारे वडील, हे दृश्य आता सर्रास दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात, बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा प्रौढ व्यक्तीचा अधिकार मान्य केला आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो लेख साक्षांकित करून घेता येतो. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासू माणसांची नावे देता येतात, आणि मन बदलले तर तो रद्दही करता येतो. डॉक्टर मंडळींच्या मंडळाने पाहिल्याशिवाय त्याची अंमलबजावणी होत नाही, म्हणून भिण्याचे कारण नाही. लेख करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. बोलणे मात्र व्हावे. आमच्या सासूबाईंनी हा विषय स्वतःच काढला, परतीच्या वाटेवर, गाडीत. त्यांचे म्हणणे दोनच वाक्यांचे होते. ते मी इथे सांगत नाही. माझ्या पतींनी ते घरी येऊन वहीत लिहून ठेवले, आणि त्याखाली त्यांनी सही केली.

जाण्यासाठी एवढी तयारी पुरे : हातात काठी, पायांत न घसरणारी चप्पल, पाण्याची बाटली, दुपारच्या गोळ्या आणि बसायला एक घडीची चटई. आश्रमात मोठ्याने बोलू नये. पुस्तकांपैकी ‘गीताई’ची छोटी प्रत उशाशी ठेवायला सोयीची पडते. वर्ध्यात शिरलात तर गोरसपाक घेतल्याशिवाय कोणी तुम्हाला सोडणार नाही. गाईच्या तुपातला तो खुसखुशीत पदार्थ मधुमेह्यांनी अर्धाच खावा, आणि उरलेला अर्धा सोबत आलेल्या माणसाला द्यावा.